विसारापासून मृगापर्यंत

आमच्या घरच्या जुन्या दप्तरात, लाल रुमालात बांधलेल्या गठ्ठ्याच्या अगदी तळाशी, शके १८५३ च्या फाल्गुनात, म्हणजे १९३२ सालच्या मार्चमध्ये लिहिलेले एक साठेखत आहे. मुळशी पेट्यातील कोळवण खोऱ्यात माझ्या आजोबांनी एक घर विकत घेण्याचे ठरविले, त्या वेळचा हा कागद. मोडी अक्षर वळणदार, शाई अजून काळी, घडीच्या जागी मात्र कागद विरत चाललेला. चतुःसीमा, ठरलेली किंमत, पोहोचलेला विसार, खरेदीखत करून देण्याची मुदत, हे सर्व अशा दस्तऐवजात ज्या क्रमाने यावे त्याच क्रमाने आले आहे. परंतु साक्षीदारांच्या सह्यांच्या वर, कोणी ऐनवेळी लेखणी थांबवून सांगितले असावे अशा दाटीवाटीच्या अक्षरात, एक कलम घातलेले आहे. त्याचा आशय असा की, मृग लागण्यापूर्वी घराची शाकारणी लिहून देणाराने आपली माणसे लावून करून द्यावी, कमी पडतील ती कौले आणि वासे लिहून घेणाराने पुरवावेत, आणि माजघरातील मधल्या खांबाचा बुंधा सुतार सांगेल त्याप्रमाणे दुरुस्त करून तो खर्च उभयतांनी निम्मा निम्मा सोसावा.

घरांच्या खरेदी-विक्रीविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे ते बहुतेक मालकीविषयी आहे. कोणाची मिरास, कोणाचे वतन, कोणाचा हक्क आणि कोणाची वहिवाट, यांवर संशोधकांनी मोठा व्यासंग केला आहे. विसार हाती पडल्यापासून खरेदीखतावर सही होईपर्यंतच्या अधांतरी महिन्यांत त्या घराच्या छपराकडे कोणी पाहायचे, हा प्रश्न मात्र त्यांना क्षुल्लक वाटला असावा. मुळशीच्या माणसाला तो तसा वाटणे शक्य नव्हते.

पुणे शहरात वर्षाला सरासरी अठ्ठावीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पश्चिमेला चाळीस मैलांच्या आत, ताम्हिणीच्या माथ्यावर, तोच पाऊस दोनशे इंचांच्याही वर जातो. एवढ्या थोड्या अंतरात एवढी तफावत ज्या मुलखात आहे त्या मुलखातील घरे एका जातीची असू शकत नाहीत. पूर्वेकडे देशावर मातीचे सपाट धाबे घातले म्हणजे माणूस निश्चिंत होतो, उन्हाळ्यात त्यावर निजतोही. पौडच्या पुढे पश्चिमेकडे जसजसे जावे तसतशी छपरे अधिकाधिक उतरती होत जातात, पाखी खाली खाली येतात, आणि घाटमाथ्याजवळच्या वाड्यांतून तर वळचण इतकी खाली असते की ओटीवर जाणाऱ्याला वाकूनच जावे लागते. भिंती बहुधा कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. ऐपतदाराच्या घरी दगडाचे जोते आणि कमरेपर्यंत दगडी भिंत. वर ऐनाचे किंवा जांभळाचे खांब, तुळया, आढे, वासे, आणि त्यांवर गवत, पेंढा किंवा कुंभाराची नळीची कौले. कूड भिजला की माती सुटते, माती सुटली की कारवी कुजते, आणि कारवी कुजली की भिंतीचे अस्तित्व केवळ सारवणाच्या थरापुरते उरते. तेव्हा घर म्हणजे मुळात छप्पर, आणि छप्पर म्हणजे दर वर्षी होळीपासून मृगापर्यंत नव्याने करावयाची गोष्ट, असा तिकडचा न्याय होता.

शाकारणी हे काम ज्याने जवळून पाहिले नाही त्याला त्यातील मर्म कळावयाचे नाही. नळीची कौले दोन थरांची असतात: खालची उताणी, पाणी वाहून नेणारी, आणि दोन उताण्यांच्या सांध्यावर पालथी घातलेली वरची. वर्षभरात वारा, वानरे आणि मांजरे मिळून या रचनेची जी दशा करतात ती खालून दिसत नाही. शाकारणीला आलेला माणूस वळचणीपाशी शिडी लावून चढतो, कौलावर नव्हे तर वाशावर नेम धरून पाय देतो, आणि एकेक पट्टा उकलत जातो. कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवितो, खणखणीत वाजले तर बाजूला रचतो, बद्द वाजले तर खाली परसात टाकून देतो, शेवाळ खरवडतो, साठलेला पाचोळा काढतो, आणि मग वळचणीकडून आढ्याकडे पुन्हा रचीत जातो. कौले उतरल्यावरच खालचा वासा उघडा पडतो, आणि वाळवीने तो आतून पोखरला आहे किंवा कसे ते तेव्हाच कळते. म्हणजे शाकारणी ही दुरुस्ती असते तशीच ती घराची झडतीही असते. वर्षातून एकदाच, चार-आठ दिवस, घर आपली सगळी गुपिते आकाशाला दाखवून बसते.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे साठेखतातील त्या दाटीवाटीच्या कलमाचे शहाणपण उलगडते. माणसे विकणाराची, कारण त्या छपराची खोड त्यांनाच ठाऊक; कौले विकत घेणाराची, कारण ज्याला पुढे त्या छपराखाली निजायचे आहे तोच कुंभाराकडून पक्की भाजलेली कौले निवडून आणील. एकाने हात लावायचा आणि दुसऱ्याने मालाकडे पाहायचे, आणि दोघांनीही एकमेकांवर नजर ठेवायची. हे कोणा वकिलाने सुचविलेले दिसत नाही. आमच्या कागदाचा लेखक गावचा कुलकर्णी होता आणि त्याच्या लेखनात कायद्याची परिभाषा बेतास बात आहे.

इंग्रजी अमदानीपूर्वी अशा व्यवहाराचे स्वरूप याहून अधिक चव्हाट्यावरचे होते. गावाचे दोन भाग: पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. पांढरीतील घरठाण ही नुसती मालमत्ता नव्हती; गावातील माणसाचे स्थान, त्याचा मान आणि त्याचा गोतातला हक्क त्या जागेला चिकटलेला असे, आणि म्हणून मिरास हस्तांतरित होताना तिला पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांची साक्ष लागे. जुन्या महजरांच्या आणि मिरासपत्रांच्या शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या पाहाव्यात: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, आणि सुताराची निशाणी त्याच्या हत्याराची. लिहिता न येणाऱ्या माणसाने आपली खूण म्हणून आपले हत्यार काढावे यात मला नेहमीच मोठा अर्थ वाटत आला आहे. ज्या सुताराने गावातली घरे उभी केली, ज्याला कोणत्या घराचा कोणता खांब कोणत्या साली बदलला हे तोंडपाठ होते, तोच कागदावर साक्षीला होता. त्याच्या देखत घराची खोट लपविणे हे फार अवघड काम झाले असते. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे अशा मावळच्या खोऱ्यांतून, ढमाले, मारणे, पासलकर यांच्या देशमुख्यांखाली, अशाच गोतसाक्षीने व्यवहार चालत आले.

पुण्यासारख्या शहरात ही ओळखदेख पुरी पडणारी नव्हती, म्हणून पेशवाईत तेथे घरे आणि जागा यांच्या खरेदी-विक्रीची नोंद कोतवालाच्या चावडीकडे होती, आणि गल्ली-बोळांचे, भिंतींचे, वळचणीच्या पाण्याचे तंटेही तेथेच जात. वळचणीचे पाणी हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एका घराच्या पागोळ्या दुसऱ्याच्या भिंतीवर पडू लागल्या म्हणजे दोन पिढ्यांचे वैर सुरू होते, आणि मुळशीच्या पावसात तर एक पावसाळा पुरतो.

१८१८ साली पेशवाई गेली आणि हळूहळू साक्षीची जागा मुद्रांकाने आणि नोंदणीने घेतली. १८६४ साली नोंदणीचा पहिला सर्वदेशीय कायदा झाला, पुढे तो अनेकदा बदलून १९०८ सालचा आज माहीत असलेला कायदा आला, आणि शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची खरेदी सबरजिस्ट्रारसमोर नोंदविल्याशिवाय पुरी होईना. नोंदणीच्या कचेरीत साक्षीदार असतात, परंतु ते माणूस ओळखण्यासाठी असतात, खांब ओळखण्यासाठी नव्हे. सुतार कागदावरून उतरला तो येथे.

त्याच्या जागी काय आले ते पाहण्यासाठी १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा उघडावा लागतो. मुंबई इलाख्यात तो १८९३ च्या आरंभापासून लागू झाला. त्याचे ५४ वे कलम सांगते की विक्रीचा नुसता करार झाल्याने विकत घेणाराला त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध उत्पन्न होत नाही. म्हणजे साठेखत झाले तरी घर विकणाराचेच. आणि ५५ वे कलम विकणाराच्या कर्तव्यांत दोन गोष्टी घालते. एक, मालमत्तेत जर असा महत्त्वाचा दोष असेल की जो विकणाराला ठाऊक आहे, पण घेणाराला ठाऊक नाही व साध्या काळजीने पाहूनही कळणार नाही, तर तो त्याने उघड करून सांगितला पाहिजे. दुसरी, करारापासून कबजा देईपर्यंत त्याने त्या मालमत्तेची, सामान्य व्यवहारदक्ष मालक आपल्या मालमत्तेची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. मालकी एकदा घेणाराकडे गेली की मग घर पडो, जळो की किमतीला उतरो, त्यात विकणाराचा हात नसेल तर ते नुकसान घेणाराचे.

हा न्याय आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की यापेक्षा निराळा न्याय असू शकेल ही कल्पनाही येत नाही. परंतु ज्यांच्याकडून हा कायदा आला त्या इंग्रजांच्या घरी तो निराळाच होता. तेथे कराराबरोबरच जोखीम घेणाराच्या माथी जाई. रेनर विरुद्ध प्रेस्टन या १८८१ सालच्या प्रसिद्ध खटल्यात करार झाल्यावर पण व्यवहार पुरा होण्यापूर्वी घर जळाले, विकणाराने विम्याचे पैसे घेतले, आणि बिचाऱ्या घेणाराला पूर्ण किंमत मोजूनही त्या विम्यातली कवडी मिळाली नाही. त्या निकालाला वर्ष उलटते न उलटते तोच हिंदुस्थानासाठी जो कायदा झाला त्यात घराचे ओझे मालकी जाईपर्यंत विकणाराच्याच खांद्यावर राहिले. मुळशीकरांची संमती कोणी घेतली नव्हती हे खरे. पण घेतली असती तर त्यांनी ती दिली असती.

तरीही कायद्यात एक फट राहिली, आणि ती नेमकी पावसाच्या आकाराची आहे. साध्या काळजीने पाहून कळणारा दोष विकणाराने सांगावयाचा नसतो. तो घेणाराने आपल्या डोळ्यांनी पाहावयाचा. आता वैशाखात उन्हे तापलेली असताना कोणी मुळशीत घर पाहायला गेला तर त्याला काय दिसणार? कोरडी ठणठणीत जमीन, नुकतेच सारवलेले माजघर, आणि कौलांच्या फटींतून जमिनीवर उतरलेले उन्हाचे कवडसे, ज्यांचे कौतुक करून शहरी माणूस घर पसंत करून जातो. त्या प्रत्येक कवडशाच्या जागी आषाढात एक भांडे ठेवावे लागते. तो दोष दिसणारा म्हणावा की न दिसणारा? कायद्याच्या दृष्टीने दिसणारा; कारण ज्याला कवडसा दिसतो त्याला भोक दिसलेच पाहिजे. माझे आजोबा म्हणत की सुना पाहायच्या त्या स्वयंपाकघरात आणि घरे पाहायची ती आषाढात. पहिल्या अर्ध्याला आजी हरकत घेत असे. दुसरा अर्धा तिलाही मान्य होता. घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे आपली म्हण सांगते; आयते विकत घेऊन पाहण्याविषयी तिने मौन बाळगले आहे, आणि त्याअर्थी तो अनुभव म्हणीत मावण्याजोगा नसावा.

आषाढात घर पाहणे मात्र व्यवहाराला सोयीचे नव्हते. भाताचे पैसे हाती येत ते माघ-फाल्गुनात, रस्ते चालण्याजोगे असत ते ज्येष्ठापर्यंत, आणि त्यामुळे विसार बहुधा होळीच्या मागे-पुढे पोहोचे. येथून मृगापर्यंतचे तीन महिने हीच सबंध व्यवहाराची खरी कसोटी. विकणाराला वाटते की घर तर गेलेच, आता त्यावर पैसा का ओतावा; घेणाराला वाटते की घर अजून आलेले नाही, दुसऱ्याच्या घराला आपली कौले का लावावीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि आकाश मात्र ७ जूनची वाट पाहत बसलेले. ५५ व्या कलमाच्या आरंभीच असे शब्द आहेत की ही सर्व कर्तव्ये उभयतांनी निराळा करार केला नसेल तेव्हाची. कोळवणच्या कुलकर्ण्याने ते कलम वाचले होते की नाही कोण जाणे, पण त्याने तो निराळा करार तीन ओळींत करून ठेवला.

त्या खांबाची कथा मी आजोबांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. विसाराची बोलणी चालली होती, विकणारे वयोवृद्ध गृहस्थ ओटीवर बसून, घर कसे बारा वर्षांत एका थेंबानेही गळले नाही, ते सांगत होते, आणि आजोबांनी बरोबर आणलेला सुतार कोणाशीही न बोलता माजघरात हिंडत होता. त्याने वाकसाच्या पाठीने एकेक खांब वरून खाली ठोकीत आणला. दोन खांब खणखणले. तिसऱ्यावर कमरेइतक्या उंचीपर्यंत आवाज तसाच होता, आणि मग जमिनीपासून वीतभर वर एकाएकी तो दबला, जणू आत कोणी उशी ठेवली होती. सुताराने पटाशीचे टोक तेथे टेकविले आणि तळहाताने हळूच दाबले. ते बोटभर आत गेले, आणि बाहेर काढताच चिमूटभर कोरडा भुसा त्याच्या पायावर सांडला.

“आप्पा,” तो आजोबांना म्हणाला, “खांब वरून राजा हाय, पर पाय गेल्यात त्याचे.”

ओटीवरची गोष्ट थांबली. म्हातारे उठून आत आले, खाली बसले, त्यांनी तो भुसा बोटांनी चाचपून पाहिला, आणि मग जे म्हणाले ते आजोबा शब्दशः सांगत: “हे मला ठावं न्हवतं. ठावं असतं तर सांगितलं असतं.” आजोबांनी त्यावर विश्वास ठेवला. कायद्याने विकणाराला ठाऊक असलेल्या दोषाचीच जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे, तेव्हा ठाऊक नसलेल्या दोषाचा खर्च कोणाकडे हा प्रश्न उरला; आणि दोघांनीही तो ठाऊक नसल्यामुळे दोघांकडे, असे उत्तर तेथेच, त्या भुशाशेजारी बसून, निघाले. किंमत पाडून मागण्याचा मार्ग आजोबांना मोकळा होता. तो त्यांनी घेतला नाही याचे एक कारण भलेपणा, आणि दुसरे, जे ते हसत सांगत, असे की किंमत पाडली तर पैसे पदरात पडतात पण खांब तसाच राहतो, आणि मृगाला तीन महिने उरलेले असताना माणसे शोधायला आपल्याला कोण ओळखते त्या खोऱ्यात? पुढे सुताराने तुळईला टेकू दिला, कुजलेला बुंधा कापून काढला, आणि खाली दगडाची उथळी वाढवून त्यावर खांब पुन्हा उभा केला. लाकूड जमिनीपासून हातभर वर उचलले गेले. वाळवीचा रस्ता त्या दिवसापासून तुटला.

याच तालुक्यात, या साठेखताच्या दहा वर्षे अगोदर, एक फार मोठी खरेदी झाली होती, आणि तिची आठवण केल्याशिवाय मुळशीतील घरांच्या हस्तांतरणाचा इतिहास लिहिता येणार नाही. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला नेऊन त्यावर वीज उत्पन्न करण्याची योजना टाटांच्या कंपनीने हाती घेतली. त्या पाण्याखाली पन्नासाच्या आसपास गावे जाणार होती. शेतकऱ्यांना रीतसर सूचना मिळण्यापूर्वीच त्यांच्या शेतांतून चाचणीचे खड्डे खणले गेले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव ही नावे त्यातून महाराष्ट्रभर गेली. बापटांना ‘सेनापती’ हे उपपद जे लाभले ते याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा सरला, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र चालू झाले.

सत्याग्रहाचा हा वृत्तांत अनेकांनी लिहिला आहे. मला येथे त्यातली एकच बाब पाहावयाची आहे. ही खरेदी १८९४ च्या जमीन संपादनाच्या कायद्याने झाली. त्या कायद्याखाली घेणारा ठरलेला, मुदत त्याची, मूल्यमापन सरकारी अधिकाऱ्याचे, आणि देणाराच्या नाखुशीबद्दल बाजारभावावर शेकडा १५ अधिक. विसार नाही, साठेखत नाही, आणि अर्थातच मृगाचे कलम नाही. उलट त्याच्या २४ व्या कलमात, मोबदला ठरविताना कोणत्या गोष्टी हिशेबात धरू नयेत याची जी यादी होती, तीत असे सांगितलेले होते की सरकारी जाहीरनामा प्रसिद्ध झाल्यावर कलेक्टरच्या मंजुरीवाचून त्या मालमत्तेवर जो काही खर्च केला असेल किंवा जी सुधारणा केली असेल ती विचारात घेऊ नये. या तरतुदीचा हेतू समजण्यासारखा आहे. जाहीरनामा लागताच रातोरात विहिरी खणून आणि माड्या चढवून मोबदला वाढविणारे लोक सर्व देशांत असतात. परंतु ती तरतूद मुळशीच्या पावसात नेऊन ठेवली म्हणजे तिचा चेहरा पालटतो. कबजा घेतला जाईपर्यंत घर मालकाचे. त्यात राहणारी मुलेबाळे त्याची. आणि छपरावरचा पाऊसही त्याचाच. १९२१ पासून १९२७ पर्यंत सात पावसाळे होतात. सात वर्षे शाकारणीवाचून राहिलेले घर त्या मुलखात घर राहत नाही, आणि सात वर्षे शाकारलेल्या घराचा तो खर्च मोबदल्याच्या हिशेबाबाहेर. १८८२ चा कायदा विकणाराला सांगतो की कबजा देईपर्यंत घर जप. १८९४ चा कायदा त्याला सांगे की जपलेस तर ते तुझे तू जाण. एकाच सरकारचे हे दोन कायदे, बारा वर्षांच्या अंतराने केलेले, एकाच खोऱ्यात एकमेकांच्या समोर उभे राहिले. आणि माझ्या मते मुळशीच्या लोकांना जो अपमान वाटला त्याचा एक अंश तरी येथे होता. जमिनीचे म्हणावे तर त्यातील बऱ्याच पूर्वीच पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि त्या सावकारांनी मोबदल्याशी तडजोड करून घेतली. वासा, कौल आणि कूड यांच्याशी सावकाराचा संबंध नव्हता.

मंगळुरी कौले तिकडे आली ती याच पिढीत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुराला कारखाना काढला, आणि पुढे ती सपाट, खाचेत खाच बसणारी तांबडी कौले समुद्रमार्गे मुंबईला आणि रेल्वेने वर घाटावर येऊ लागली. त्यांनी शाकारणीचे काम वर्षावरून पाच-सात वर्षांवर नेले, आणि त्याबरोबर कुंभाराच्या भट्टीचे एक गिऱ्हाईक गेले. सिमेंटच्या पत्र्यांनी आणि पुढे स्लॅबने उरलेले काम संपविले. आज मुळशी तालुक्याचे नाव घेतले की लोकांना हिंजवडीच्या संगणक-वसाहती आणि भूगाव-पिरंगुटचे मजल्यांवर मजले आठवतात. तेथे घर घेणारा माणूस विकसकाशी करार करतो, बँक कर्ज देते, आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने इमारतीच्या रचनेतील किंवा कामातील दोष, कबजापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिल्यास, विकसकाने तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यावयाचे असतात. ही तरतूद चांगली आहे. पाच वर्षे म्हणजे पाच आषाढ. आजोबांना ती मनापासून आवडली असती. जुन्या घरांच्या फेरविक्रीला मात्र तिचा उपयोग नाही. तेथे अजून ५५ वे कलम, विसारपावती आणि घेणाराचे डोळे यांवरच भिस्त आहे, आणि साठेखतातून ‘जसे आहे तसे’ हे तीन शब्द छापील येऊ लागल्यापासून तर डोळ्यांवरच अधिक.

‘साठेखत’ या शब्दाचे जुने रूप ‘साटेखत’, आणि साटे म्हणजे सौदा, अदलाबदल. साटेलोट्यातला तोच शब्द. आपण आज साटेलोटे वाईट अर्थाने म्हणतो. त्या कोळवणच्या कागदात मात्र खरोखरीचे साटे आहे, हातांचे आणि कौलांचे.

शाकारणी ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात पुरी झाली आणि खरेदीखत त्यानंतर चार दिवसांनी नोंदले गेले. कलम पुरे झाले, कबजेपावती झाली, म्हातारे आपल्या थोरल्या मुलाकडे राहायला गेले. दुसऱ्या वर्षी आजोबांनी पुण्याहून दोन मजूर नेले आणि स्वतः ओटीवर बसून शाकारणी करविली. तिसऱ्या प्रहरी म्हातारे आले. कोणी बोलावले नव्हते. त्यांनी धोतराचा काचा मारला, शिडीवरून सत्तरीच्या वयाला न शोभेल अशा चपळाईने वर गेले, आणि मजुरांनी नुकताच रचलेला सबंध पश्चिमेचा पट्टा, एक शब्द न बोलता, उकलायला लागले; त्या बाजूला झडीचा मारा असतो, तेथे पालथे कौल दोन बोटे अधिक चढवावे लागते, हे पुण्याच्या माणसांना कोण सांगणार? दिवेलागणीपर्यंत ते आढ्याशी पोहोचले. आजोबा मजुरी देऊ लागले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला, आजीने आणून दिलेला चहा मात्र उभ्याउभ्या प्याला, आणि निघताना अंगणातून छपराकडे मान वर करून एवढेच विचारले, की त्या कोपऱ्यावर वानरे अजून उतरतात का.